बारा हजारांचा स्विमिंग पूल

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणापाशी. तिथून ओरडून बोलायची सोय नाही, समोरच्या खिडकीला कान आहेत हे तुम्हाला मी काय सांगायचं. ती कपड्यांची बादली राहू द्या हो, ऊन कुठे पळून जात नाही.

सोनचाफ्याच्या बंगल्यातली मंडळी काल रात्री कोकणातून परत आली. आली ती आली, पण उतरली कशी माहितीये? पुढच्या सीटवरून सूनबाई! आणि भाऊ मागे, नातू आणि सुपारीचं पोतं यांच्या मधे. जाताना पुढे कोण बसलं होतं, गॉगल लावून? अख्ख्या कॉलनीला हात कोण करत गेलं होतं? तर तेच. मी काही मुद्दाम बघत नव्हते हं, पणती विझली का बघायला बाहेर आले होते. साडेअकराला.

आता सगळं मला कसं कळलं ते विचारू नका. थोडं मावशींनी सांगितलं, त्या दोन्हीकडे भांडी घासतात. थोडं सकाळी भाजीच्या गाडीवर सूनबाईनं सांगितलं. तिला म्हटलं, "कुणाला बोलणार नाही." तुम्ही काय 'कुणी' आहात का! आणि उरलेलं खुद्द आजींनी सांगितलं, त्यांना तर सांगितल्याशिवाय चैनच पडेना.

किती तयारी होती बाई त्या ट्रिपची. लेक न्यू जर्सीहून चार वर्षांनी आलेली. जावयाला कशीबशी सुट्टी मिळालेली. मुलाच्या चाकणच्या शिफ्टा, सूनबाई हिंजवडीला त्या पेमेंटवाल्या कंपनीत, घरात असून एका ताटाला एकत्र नाहीत. म्हणून ठरलं, फराळाचे डबे भरायचे आणि भाऊबीज झाली की सगळ्यांनी मिळून गुहागरला जायचं. भाऊंनी तेव्हाच जाहीर केलं, "यंदा कुणी मधे पडायचं नाही. बुकिंग मी करणार."

सूनबाई बिचारी म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीची आत्या आहे गुहागरला. घरगुती राहायची सोय करते, खोल्या स्वच्छ, जेवण..." तिचं वाक्य पुरं होऊ द्यावं की नाही? भाऊ म्हणाले, "घरगुती? लेक अमेरिकेहून आलीये, तिला काय वाडीत झोपवू?" पोरीचा चेहरा एवढासा झाला. "बरं," म्हणाली फक्त. हे 'बरं' लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

तर भाऊंनी शोधलं मोबाइलवर. समुद्रासमोर व्हिला, निळाशार स्विमिंग पूल, पूलपाशी गोऱ्या बाईची खुर्ची, आणि दिवाळीची ऑफर, भाडं निम्मं. फोटो घरभर फिरवला. आजींनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "समुद्र समोर असताना हौद कशाला रे बांधलाय?" कुणी उत्तर दिलं नाही. अहो, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला कळलं ते!

मग मॅनेजरचा फोन. गोड हिंदी. सर, दोनच रूम उरल्यात, सर, तुम्ही सीनियर सिटिझन म्हणून होल्ड करतो, पण पंधरा मिनिटांत ॲडव्हान्स पाहिजे. लिंक आली व्हॉट्सॲपवर. भाऊंनी कार्डाचा सोळा आकडी नंबर टाकला, तारीख टाकली, मागचे ते तीन आकडे टाकले, ओटीपी आला तोही टाकला. बारा हजार गेले. वहिनी शेजारीच चकल्या पाडत होत्या. म्हणाल्या, "त्या गुहागरच्या कुणाला विचारून तरी बघा, असा काही बंगला आहे का." तर भाऊ म्हणाले, "मला शिकवू नकोस. मी बँकेत होतो."

होते हो! तेच तर. पस्तीस वर्षं काउंटरला काढली माणसानं. आपल्या गणपतीत सायबरवर व्याख्यान कुणी दिलं? ते कॉसमॉस बँकेचं २०१८ सालचं सगळं कसं रंगवून सांगितलं होतं, आठवतंय ना? ऑगस्ट महिना, दोन दिवसांत ९४ कोटी गेले, नकली कार्डं बनवून अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, आणि आपण सगळे तोंडाचा आ करून ऐकत बसलो होतो. प्रसादाला शिरा होता त्या दिवशी. थोडा गुठळ्यांचा झाला होता, पण ते जाऊ दे. रोज सकाळी ग्रुपवर फॉरवर्ड कुणाचे? 'सावध रहा', 'ओटीपी देऊ नका', वर गुलाबाचं फूल. त्या माणसानं दिला ओटीपी. आणि दिला तोही असा, की देतोय असं वाटूच नये. कारण खरेदी करतानाही तोच टाकतात ना हो! तिथेच तर गोची. फोनवर कुणी मागितला असता तर भाऊंनी त्याची पार खरडपट्टी काढली असती. पण साइट स्वतः उघडली, बटण स्वतः दाबलं, मग संशय कुणाचा घ्यायचा? सूनबाई म्हणत होती, सरकारच्या सायबरवाल्यांनी एप्रिल २०२५ मध्ये जाहीरच केलं होतं, केदारनाथची हेलिकॉप्टरं, चारधाम, गेस्ट हाउस, हॉटेलं, सगळ्याच्या खोट्या साइट्स निघाल्यात म्हणून. बँकांचं तरी आता बरं, त्यांच्या साइटच्या नावाच्या शेवटी डॉट बँक डॉट इन असतं, रिझर्व्ह बँकेनंच तसं करायला लावलंय. हॉटेलाला कोण शिक्का मारणार? तिथे आपणच दुसरीकडून नंबर काढून फोन करायचा, गावातल्या कुणाला तरी विचारायचं. म्हणजे वहिनी चकल्या पाडता पाडता जे म्हणाल्या तेच.

तर काय सांगत होते... हां, प्रवास.

साताऱ्याच्या पुढे जेवायला थांबले. बिल आलं, जावई बेसिनवर हात धुवायला गेले होते, म्हणून भाऊंनी आपलं दुसरं कार्ड, ते पेन्शनचं, पोऱ्याच्या हातात दिलं आणि तेही गेले हात धुवायला. पोऱ्या गल्ल्यावरून ओरडला, "काका, पिन?" आणि भाऊ तिथूनच, ओले हात झटकत म्हणाले, "टाक रे, एक नऊ शून्य पाच!" अख्ख्या हॉटेलानं ऐकलं. वहिनींच्या हातातला घास तसाच. कारण एकोणीस मे म्हणजे यांच्या लग्नाची तारीख! वहिनी एवढंच म्हणाल्या, "एरवी आठवत नाही ती." लेक हसून हसून लोळायची बाकी. तिच्याकडे म्हणे हॉटेलात वेटर कार्ड घेऊन आतच जातो आणि सहीला कागद आणतो, पिनबिन कुणी विचारत नाही. मला तर ऐकूनच धडकी भरली. पण सूनबाई काय म्हणाली बघा. म्हणाली, "ताई, म्हणून आपल्याकडे २०१३ पासून डेबिट कार्डाला मशिनवर पिन सक्तीचा केला. आणि आपण तो मायक्रोफोनवर सांगतो." आजींना मात्र पिन विचारून बघा! उखाण्यात नाव घेतील, पण पिन सांगणार नाहीत.

मग कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण... नातवाला घाट लागला, ते सोडा. गुहागरला पोचले तेव्हा दिवस कलला होता. नकाशानं नेलं एका गल्लीत, गल्ली संपली आणि समोर सुपारीची वाडी. एक म्हातारेबाबा चड्डीवर उभे, हातात कोयता. भाऊ काच खाली करून म्हणाले, "तो स्विमिंग पूलवाला व्हिला कुठे आला?"

बाबा म्हणाले, "इथे विहीर आहे. पोहता येत असेल तर उतरा."

अहो हसू नका, पुढचं ऐका. बाबा म्हणाले, "या दिवाळीत आलेले तुम्ही तिसरे. पहिले पनवेलचे होते, ते तर भांडायलाच उठले माझ्याशी." आता चेहरे बघायचे होते एकेकाचे! जावई मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मुलगा बापाकडे बघेना. वहिनींनी पदर तोंडाला लावला, रडायला की हसायला देव जाणे. आणि भाऊ? आधी लाल, मग पांढरे, मग म्हणाले, "पत्ता चुकला असेल." मॅनेजरला फोन लावला, स्विच्ड ऑफ. परत लावला. परत. आजी मागून म्हणाल्या, "बंद फोनला किती वेळा हाक मारशील?"

तेव्हा सूनबाई हळूच बोलली, "बाबा, मी त्या आत्यांना सांगून ठेवलं होतं. लागल्या तर दोन खोल्या ठेवा म्हणून."

बघा! हे ते 'बरं'. आणि 'मी म्हटलं नव्हतं?' हे एकदासुद्धा तोंडातून काढलं नाही पोरीनं. मी असते तर चिपळूणपर्यंत ऐकू गेलं असतं.

आत्यांकडचं वर्णन मावशींनी जे केलंय ना, मावशी स्वतः गेल्या नव्हत्या तरी तोंडाला पाणी सुटलं. डाळिंबीची उसळ, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी वाट्यांनी नाही, तांब्यांनी. सकाळी घावनं आणि नारळाचा रस. वाडीतून चालत गेलं की सुरूचं बन आणि मग समुद्र, गुहागरचा किनारा सरळच्या सरळ, नजर पोचते तिथवर वाळू. मोरी बाहेर होती, त्याची नातवाला एवढी मजा की दिवसातून चारदा आंघोळ. अमेरिकेतला मुलगा! शेवटी विहिरीचं पाणी काढायच्या पंपापाशीच ठाण मांडलं त्यानं.

एकच घोळ. आत्यांकडे मशिन नाही, आणि वाडीत रेंज नाही. रेंज नाही म्हणजे ते क्यूआर काय कपाळाला लावायचं? भाऊंचं ठरलेलं वाक्य तुम्हाला माहितीये, "आजकाल कॅश कोण बाळगतं." बाळगतं हो. आजींनी बटवा उघडला, रुमालात गुंडाळलेल्या पाचशेच्या नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या आणि आत्यांच्या हातावर ठेवल्या. भाऊंनी मान फिरवली. त्या वेळी त्यांना काय वाटलं असेल ना... पण खरं तर अजून काहीच झालं नव्हतं.

जवळ या. हे कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नाही. म्हणजे कॉलनीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे व्याडेश्वराला गेले. देवळापाशी रेंज आली आणि भाऊंच्या खिशात फोन वाजला. मेसेज. क्रेडिट कार्डावर चारशेतीस डॉलर! म्हणजे अडतीस हजारांच्या घरात. कुठल्या तरी परदेशातल्या साइटवर. ओटीपी नाही, विचारणं नाही, काही नाही. आणि या माणसानं काय केलं असेल? फोन खिशात ठेवला, घंटा वाजवली आणि प्रदक्षिणा घातली. कुणाला एक शब्द नाही. कारण बारा हजारांवर आधीच नाक कापलेलं, आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

दोन दिवस हो! दोन दिवस तो माणूस पोटात ठेवून हिंडला. हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं, मग बामणघळीपाशी गेले. तिथे भरतीच्या वेळी कपारीत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं, ते बघायला सगळे श्वास रोखून उभे. भाऊ समुद्राकडे पाठ करून, फोन आभाळाकडे धरून रेंज शोधतायत. वेळणेश्वरला लेकीनं हात धरून पाण्यात ओढलं तर म्हणाले, "पाय दुखतायत." लेक हिरमुसली. तिला वाटलं, बाबा आपल्यावर रागावलेत. वहिनींना वाटलं, लग्नाच्या तारखेवरून टोमणा मारला तो लागला. जावयाला वाटलं, आपण मासे मागवले म्हणून. मुलाला वाटलं, आजीनं पैसे दिले ते खटकलं. प्रत्येकानं आपापला अपराध शोधून घेतला आणि सगळे एकमेकांशी जपून बोलायला लागले. चार वर्षांनी भेटलेली माणसं, आणि जेवताना नुसता भाकरी मोडल्याचा आवाज. मला विचाराल तर त्या अडतीस हजारांपेक्षा हे दोन दिवस महाग पडले. सुट्ट्या काय दुकानात मिळतात?

तर तिसऱ्या रात्री ओटीवर पत्ते काढले. बदाम सात. तुम्हाला माहितीये, सत्ती ज्याच्याकडे असेल त्यानं टाकायची. कुणी टाकेना. नातू सगळ्यांच्या पानांत डोकावतोय, "कुणाकडे आहे? कुणाकडे आहे?" आणि सत्ती भाऊंच्या हातात, समोर धरलेली, आणि भाऊंना दिसतच नाहीये. आजींनी आपली पानं खाली ठेवली आणि म्हणाल्या, "काय रे, पत्ताच लपवतोयस की दुसरं काही?"

झालं. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. अडुसष्ट वर्षांचा बँकवाला माणूस, आईसमोर. सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई." मुलगा उठून उभा राहिला, परत बसला. लेक म्हणाली, "बाबा, एवढंच? मला वाटलं तुमचे रिपोर्ट आले." आणि आजी काय म्हणाल्या, ऐका, "आधी फोन लाव. रडायला रात्र आहे."

सूनबाईनं फोन घेतला, बॅटरी लावून रस्त्यापर्यंत गेली, तिथे एक काडी रेंज येते म्हणे. मुलगा मागोमाग, जावई मागोमाग, बेडकांची भीती असूनही लेक मागोमाग. आधी कार्डाच्या मागे छापलेल्या बँकेच्या नंबरावर फोन. गूगलवर शोधायचा नाही हं, तिथे कस्टमर केअरचेही खोटे नंबर टाकून ठेवतात मेले. कार्ड बंद केलं, तक्रारीचा नंबर लिहून घेतला. मग १९३०. हा नंबर तुमच्या फ्रिजवर आहे का? लावा. सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे, लवकर कळवलं तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडकवायचा प्रयत्न करतात. मग ती सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनची तक्रार, रस्त्यावरच उभं राहून, डास चावत असताना.

परत आली आणि भाऊंना विचारलं, "बाबा, या कार्डावर परदेशातला वापर चालू कसा?" तर म्हणे लेकीकडे गेले होते तेव्हा सुरू केला होता, बंद करायचा राहिला. आपल्याकडच्या साइट्स सहसा ओटीपीशिवाय पुढे सरकत नाहीत, पण बाहेरच्या कितीतरी साइट्सना नंबर, तारीख आणि ते मागचे तीन आकडे पुरतात. आणि ते सगळं भाऊंनी त्या स्विमिंग पूलवाल्याला आपल्या हातानं लिहून दिलेलं! २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केलाय, नवीन कार्ड येतं तेव्हा परदेशी वापर बंदच असतो, ऑनलाइन वापरही आपण सुरू करायचा, मर्यादा आपण ठरवायची, बँकेच्या ॲपमध्ये बटणं असतात. भाऊंना ते माहीत होतं हो. व्याख्यानात होतं.

आता पैशांचं काय, हा तुमच्या मनातला प्रश्न. माझ्याही होता, मी गाडीवरच विचारला, भाजीवाला कोथिंबीर हातात धरून थांबला होता. तर २०१७ चा नियम असा आहे. चूक आपली नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी केलं, आणि मेसेज आल्यावर कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर आपल्यावर काही पडत नाही. चार ते सात दिवस झाले तर थोडं पडतं, साध्या सेव्हिंग खात्याला जास्तीत जास्त दहा हजार. त्याहून उशीर झाला तर बँकेचं धोरण असेल तसं. आणि मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत, मधला रविवारही नाही. म्हणून भाऊ वाचले, नाहीतर आणखी काही पत्त्यांच्या रात्री अशाच गेल्या असत्या तर... अडतीस हजार बँकेनं चौकशीसाठी घेतलेत, दहा कामाच्या दिवसांत तात्पुरते जमा करायला हवेत, निकाल नव्वद दिवसांत. बारा हजारांचं मात्र अवघड. तो ओटीपी भाऊंनी स्वतः टाकलेला, मग त्याला बँक काय करणार? लेक म्हणाली, अमेरिकेत क्रेडिट कार्डाला कायद्यानं पन्नास डॉलरच्या वर तोशीस लागत नाही. भाऊ म्हणाले, "मग आता तिकडेच येतो." तीन दिवसांतला पहिला विनोद! सगळे इतके हसले की आत्या कंदील घेऊन बाहेर आल्या. त्यांना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या इथे अंजनवेलला अख्खी एन्रॉन बुडाली हो. तुमचे बारा हजार काय घेऊन बसलात."

आणि मग काय झालं माहितीये? एकानं पोतडी उघडली म्हणून सगळ्यांनीच उघडल्या. जावई म्हणाले, मी दोन्ही कार्डांचे पुढून-मागून फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलेत, कुणालाही लागलं तर असावं म्हणून. सूनबाईनं डोक्यालाच हात लावला. अहो, कार्डावर पैसे घेणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनासुद्धा ते मागचे तीन आकडे व्यवहार झाल्यावर साठवून ठेवायची बंदी आहे, आणि दुकानदारांना तर २०२२ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण नंबरही ठेवता येत नाही, नुसतं टोकन असतं त्यांच्याकडे. आणि इथे मामा-मावश्यांसकट एकोणतीस जणांच्या फोनमध्ये जावयाचं कार्ड! मुलानं कबूल केलं, कुठल्याशा ॲपचे दरमहा पैसे कापले जातायत, काय आहे ते बघायचंच राहून गेलं. वहिनींनी तर कहर केला. गॅसच्या केवायसीवाल्याला ओटीपीचे चार आकडे सांगितले होते, पाचवा सांगणार तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि फोन ठेवला! कुणाला म्हणून बोलल्या नव्हत्या. कुकरनं वाचवलं हो त्यांना.

शेवटी आजींनी आपलं कार्ड बटव्यातून काढलं. मागच्या त्या तीन आकड्यांवर चक्क टिकली चिकटवलेली! सूनबाईच्या पाकिटातली, मोठी, मरून. "आकडे तोंडपाठ आहेत मला," म्हणाल्या. "कुणी उलटून बघितलं तर कुंकू दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर सूनबाई बसली आणि सगळ्यांचे फोन समोर ओळीनं मांडले, मुलांची नखं कापायला बसतात ना रविवारी, तसं एकेकाला पुढे घेतलं. परदेशी वापर बंद. ऑनलाइनची मर्यादा कमी. ते मशिनला नुसतं टेकवून पैसे जातात ते, पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही त्याला, तेही बंद. फोटो सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावले. भाऊ शेवटी पुढे आले आणि पुस्तकातल्या विद्यार्थ्याचा आव आणून म्हणाले, "मॅडम, पिनही बदलायचाय." वहिनी लगेच म्हणाल्या, "माझ्या वाढदिवसाचा ठेवू नका, तोही लक्षात राहणार नाही."

आणि मग मात्र धमाल केली हो त्यांनी. दोन दिवस वाढवले. धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घालून दाभोळला गेले, नातू बोटीवर गाडी चढली म्हणून वेडा झाला. भाऊ पँट वर करून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, लेकीचा हात धरून. तिथे लेक त्यांना म्हणाली म्हणे, "बाबा, मला पूल नकोच होता. तिकडे आमच्या सोसायटीत आहे, चार वर्षांत एकदा उतरले असेन." भाऊंचा चेहरा काय झाला असेल!

मला एक कळत नाही. लोक मला म्हणतात, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नसेल भिजत. पण बघा ना, जे लपवायचं ते या माणसांनी हॉटेलभर ओरडून सांगितलं, ग्रुपवर टाकलं, लिंकवर भरलं. आणि जे पहिल्या मिनिटाला ओरडायचं ते दोन दिवस पोटात. आमच्या ह्यांना मी मघाशीच सांगितलं, तुमचा पिन मला सांगू नका, पण फसलात तर मला उठवा. हे म्हणाले, "तुला सांगितलं तर १९३० ला फोन करायची गरज काय, सगळ्या पुण्याला कळेल." हसतायत! हसू दे.

हां, आणि आज सकाळचं राहिलंच की. भाऊंनी ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकलं नाही, बघितलंत? बागेतल्या कट्ट्यावर मात्र गेले, आणि स्वतःहून सगळं सांगितलं. आधी हसले सगळे. पेन्शनर लोक काय, वाटच बघत असतात. आणि मग ते कोपऱ्यावरचे गुरुजी, जे कुणाशी दोन शब्द बोलत नाहीत ते, काठी टेकत म्हणाले, "माझे गेलेत नऊ हजार. ते 'आज रात्री वीज तोडणार' म्हणून मेसेज यायचे ना, तेव्हा." आपल्या मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं म्हणे. पाठोपाठ त्या मिशीवाल्यांचं पार्सलचं प्रकरण निघालं. त्यांच्या बायकोला तर अजून माहीत नाही, तेव्हा तुम्ही तिच्याकडे विषय काढू नका. म्हणजे काढलात तर माझं नाव घेऊ नका.

बरं, तुम्ही नाताळात कुठे जाणार म्हणत होतात ना? आत्यांचा नंबर हवाय का, लिहून घेतलाय मी. खोलीचं भाडं त्या आधी घेत नाहीत. आधी या म्हणतात, जेवा, मग बघू. फक्त सुट्टे न्या, पाचशेची नोट बघितली की त्या शेजारच्या वाडीत मोडायला जातात आणि तासभर तिकडेच गप्पा मारत बसतात.